नोटांच्या शाईत किरणोत्सर्गी फॉस्फरस? आधी गणित करा

नोटाबंदीनंतर, २०१६ च्या डिसेंबरात सुटलेला फॉरवर्ड परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा अवतरला. म्हणे नव्या नोटांच्या शाईत फॉस्फरस-३२ हा किरणोत्सर्गी पदार्थ आहे, एका जागी नोटांचा ढीग साठला की आयकर खात्याला लांबूनच सुगावा लागतो, म्हणून धाडी अचूक पडतात. आणि माणसाला त्याचा काही अपाय नाही!

फॉस्फरस-३२ खरा आहे, प्रयोगशाळांत वापरतातही. पण त्याचं अर्धायुष्य जेमतेम १४.३ दिवसांचं. तेवढ्या दिवसांत निम्म्या फॉस्फरसचं गंधक होतं, पुढच्या तेवढ्याच दिवसांत उरलेल्यातल्या निम्म्याचं. १४३ दिवसांत दहा वेळा निम्मं, म्हणजे हाती १०२४ वा भाग. वर्षभरात काही कोटींतला एक. २०१६ ची पाचशेची नोट आजही खिशात फिरतेय. तिच्यात आयकरवाले काय शोधणार, गंधक?

लांबून सुगावा? यातून निघतात ते बीटा कण, म्हणजे वेगानं सुटलेले इलेक्ट्रॉन. हवेत काही मीटर जातात, पण सेंटीमीटरभर जाड अ‍ॅक्रिलिक त्यांना थोपवतं. मग विटांची भिंत आणि लोखंडी कपाट कशाला सोडतंय! ढिगाच्या आतले कण तर वरच्या नोटाच गिळतील.

‘अपाय नाही’ हे तर भलतंच. पोटात गेलेला फॉस्फरस हाडांत जाऊन बसतो, आणि आपल्याकडे बोटाला थुंकी लावून नोटा मोजायची रीत.

कुणी म्हणेल, मग यूव्ही दिव्याखाली नोटेचा नंबर चमकतो तो कसा? ती फ्लुरोसंट शाई. दिवा बंद, चमक बंद. किरणोत्सर्गाला दिवा लागत नाही.

खरी करामत वेगळीच आहे. पाचशेच्या नोटेवर खाली उजवीकडे रुपयाच्या चिन्हासह छापलेला आकडा बघा. नोट तिरकी केली की हिरव्याचा निळा होतो. या शाईत अतिशय पातळ थरांच्या बारीक चकत्या असतात. रंग दिसतो तो थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्यामुळे, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. कोन बदलला की रंग बदलतो. झेरॉक्स मशीनला नोट तिरकी करून बघता येत नाही, त्यामुळे नकलेत एकच रंग उतरतो. देवासच्या नोट छापखान्याला स्वतःचा शाईचा कारखाना आहे, आणि २०२२ मध्ये म्हैसूरला ‘वर्णिका’ हा वर्षाला १,५०० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. रंग बदलणारी शाई तिथे बनते.