वाणी, गोम आणि गांडूळ: तिघांवर एकच मीठ का?

मिरगाच्या दोन-चार जोरदार सरी पडल्या की कोकणात घरोघरी तेच सुरू होतं. चिऱ्याच्या जोत्यावर, पडवीत, न्हाणीच्या कोपऱ्यात काहीतरी वळवळताना दिसतं आणि कोणीतरी मिठाची बरणी घेऊन धावतं. वाणी असो, गोम असो की गांडूळ, शिक्षा एकच. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण या तिघांतल्या एकापासूनच जपून राहायचं असतं.

ओळखायला पाय मोजत बसू नका, ते अंगाला कसे जोडलेत ते बघा. वाणी पेन्सिलीसारखा गोल. मानेजवळची पहिली काही कडी सोडली तर प्रत्येक कड्याखाली पायांच्या दोन जोड्या, त्याही पोटाखाली दडलेल्या. चाल संथ, पायांतून लाट गेल्यासारखी. डिवचलं की वेटोळं करून पडून राहतो, म्हणून पोरं त्याला ‘पैसा’ म्हणतात. गोम चपटी. प्रत्येक कड्याला एकच जोडी आणि पाय दोन्ही बाजूंना पसरलेले. डिवचलं की ती वळत नाही, पळते. गोमीच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात, जातीप्रमाणे १५ पासून १९१ पर्यंत, त्यामुळे मोजून शंभर पाय असलेली धडधाकट गोम सापडणारच नाही. घोणीला, म्हणजे मोठ्या गोमीला, बहुधा २१ जोड्या. वाण्याच्या इंग्रजी नावात ‘हजार पाय’ आहेत, पण खरोखर हजारांवर पाय असलेली जात जगासमोर आली ती २०२१ मध्ये, ऑस्ट्रेलियात: १,३०६ पाय. गांडुळाला पाय नाहीतच. ते या दोघांचं जवळचं नातेवाईकही नाही.

वाणी चावून विष सोडत नाही. तो कुजका पातेरा, म्हणजे झाडाखालचा गळलेला पाला, आणि ओलं लाकूड खातो, बारीक करतो, आणि पुढचं काम जिवाणू-बुरशी करतात. आंबा-काजूच्या बागेतला जाड, चिवट पातेरा मातीत जिरतो त्यात वाण्याचा मोठा हात आहे. त्याचं हत्यार म्हणजे अंगाच्या बाजूंनी सोडलेला स्राव. हाताला लागला तर तपकिरी डाग पडतो, कधी आग होते. साबणाने धुवा, डाग हळूहळू जातो. स्राव डोळ्यात गेला तर मात्र पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवून डॉक्टरकडे जायचं. लहान मुलांना वाणी हाताळू देऊ नये ते यासाठी. आणि त्याचा दोषही सांगायला हवा: कोवळी रोपं, जमिनीला टेकलेली काकडी तो कुरतडतो. पातेऱ्याचं आच्छादन रोपाच्या बुंध्यापासून वीतभर दूर ठेवा आणि फळाखाली झावळीचा तुकडा सरकवा. विदर्भ-मराठवाड्यात पेरणीनंतर कपाशी-सोयाबीनच्या रोपांना त्याचा त्रास होतो हेही खरं.

जपायचं ते गोमीपासून. तिच्या पायांच्या पहिल्या जोडीचे विषारी आकडे झालेले असतात आणि त्यांनीच ती दंश करते. शेपटाकडचे लांब पाय मिशांसारखे दिसतात, त्यामुळे तोंड कुठलं हे भल्याभल्यांना कळत नाही. म्हणून कुठल्याच टोकाला हात नको. वर बरणी उपडी घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि लांब नेऊन सोडा. ती झुरळं, नाकतोडे, कोळी खाते, आणि गांडूळही. तिच्या अंगातला ओलावा लवकर उडतो, म्हणून ती दिवसा दमट फटीत राहते. बिळात पाणी भरलं की घरात शिरते. उपाय त्यातूनच निघतो: चिऱ्यांमधल्या फटी बुजवा, भिंतीला टेकलेले नारळाच्या सोडणांचे ढीग, ओली पोती आणि लाकडं हलवा, जोत्यालगतचा दोन हात पट्टा कोरडा ठेवा, अंथरूण भिंतीपासून सरकवा, बूट झटकून घाला.

दंश झाला तर जागा साबण-पाण्याने धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा किंवा बर्फाने शेका. कापू नका, चोखू नका, चुना नको. दुखणं बहुधा काही तासांत उतरतं. श्वास लागला, चेहरा सुजला, अंगभर पित्त उठलं किंवा लहान मूल असेल तर वाट न बघता दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही विचारा. गोम कानात शिरून मेंदू पोखरते ही तर निव्वळ भीती, मध्ये कानाचा पडदा असतो.

राहिलं गांडूळ, कुठे त्याला शिदोड म्हणतात, कुठे दानवे. ते कातडीने श्वास घेतं, म्हणून पाण्याने मातीतली हवा कोंडली की वर येतं. मीठ त्याच्या अंगातलं पाणी ओढून त्याला मारतं. कार्बोफ्युरानसारखी दाणेदार कीटकनाशकं आणि पातेरा जाळून तापलेली माती यांनीही गांडुळं संपतात. दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात हेही खोटं.

गांडूळखताच्या खड्ड्यात गांडुळं सोडताना बहुतेकदा चूक होते ती ताज्या शेणाची. त्याची उष्णता गांडुळं मारते, म्हणून पंधरा-वीस दिवस जुनं शेण घ्या. ओल मुठीने तपासा: दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पाणी गळता कामा नये. खारवलेल्या मासळीचा कचरा घालू नका. झावळ्या बारीक तोडून, भिजवून मगच टाका. खड्ड्यात वाणी दिसला तर असू द्या, गोम दिसली तर बाहेर काढा.

आणि फावडं मारण्याआधी एकदा निरखून बघा. गांडूळ आखडत-ताणत सरकतं. चकचकीत, सापासारखं नागमोडी जाणारं आणि बारीक जीभ बाहेर काढणारं असेल तर तो वाळा, बिनविषारी साप, मुंग्या-वाळवीची अंडी खाणारा. अंगावर कडी असलेलं, बुळबुळीत, पण तोंडात दात असलेलं जाडसर काही निघालं तर ते देवगांडूळ. ते बेडकासारखं उभयचर आहे, विषारी साप समजून अनेकदा मारलं जातं. ओल्या मातीचं ढेकूळ अंगावर लोटा, ते आपोआप आत जाईल.