'आधी स्वतःच्या घरात वापरा' म्हणणाऱ्या वाचकांना

सांडपाणी शुद्ध करून घरात, शेतीत, कारखान्यात परत वापरायला हवं असं मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, त्यावर एका वाचकांची ही कमेंट आलीय: "गटाराचं पाणी कितीही गाळा, ते गटाराचंच. खुर्चीत बसून सल्ले देणं सोपं असतं, आधी स्वतःच्या घरात वापरा, मग लोकांना शिकवा. क्षारांनी जमीन खराब होते, आरओला वीज किती लागते, औषधांचे अंश पाण्यात राहतात, यावर एक ओळही नाही."

विरोध करा ना, जरूर करा. पण 'खुर्चीत बसून'? तुम्ही मला ओळखत नाही, माझं घर बघितलेलं नाही, मग मी काय वापरते आणि काय नाही हे कशावरून ठरवलंत? दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून आधी त्याचंच उत्तर.

आमच्या घरी सहा वर्षं झाली, वॉशिंग मशीनचं शेवटच्या खळबळण्याचं पाणी बाथरूमजवळच्या ड्रममध्ये पडतं आणि तिथून फ्लशला जातं, उरलं तर झाडांना. पहिल्या वर्षी मीही चुकले. ड्रम अर्धा भरलेला ठेवून चार दिवस बाहेरगावी गेलो, परत आल्यावर झाकण उघडलं तर वर करडी, बुळबुळीत साय आणि असा वास की मुलगी दुसऱ्या खोलीत पळाली. कपड्यांचा मळ आणि साबण म्हणजे जंतूंचं आयतं खाद्य, त्यांनी पाण्यातला ऑक्सिजन संपवला की पाणी सडायला लागतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं पण कळलं त्या दिवशी. तेव्हापासून आलेलं पाणी 24 तासांच्या आत संपवायचं, नाही तर सरळ सोडून द्यायचं. मग कुंड्यांमधल्या झाडांची पानं कडेनं करपायला लागली, तो पावडरमधला सोडियम होता, म्हणून पावडर बंद करून लिक्विड आणलं आणि झाडांना आलटूनपालटून साधं पाणी द्यायला लागलो. ड्रम घासायचं काम आजही माझ्याकडेच आहे. हे सगळं खुर्चीत बसून होतं का, तुम्हीच सांगा.

आणि घरच कशाला, मी अकरा वर्षं एका कारखान्याच्या युटिलिटी विभागात, म्हणजे पाणी-वीज-वाफ पुरवणाऱ्या विभागात, काढलीत. आमच्या कूलिंग टॉवरला, म्हणजे यंत्रांचं तापलेलं पाणी गार करणाऱ्या मनोऱ्याला, एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी यायचं. एकदा शटडाऊनमध्ये पाईप कापला तर आत पांढरा, दगडासारखा थर, अंगठाही जाईना. सांडपाण्यातलं फॉस्फेट आणि कॅल्शियम मिळून तो थर बसतो, शिवाय अमोनिया राहिला असेल तर तांब्याच्या नळ्या खातो तो वेगळाच. तुमच्यासारखं 'गटाराचंच आहे, बंद करा' म्हणणारे तेव्हाही होते. आम्ही बंद नाही केलं, फॉस्फेट आधीच खाली बसवून काढायची सोय केली, अमोनियासाठी एसटीपीत हवा वाढवली, आणि मी नोकरी सोडेपर्यंत तो टॉवर त्याच पाण्यावर चालू होता.

आता 'गटाराचं ते गटाराचंच'. पाणी कुठून आलं यापेक्षा आत्ता त्यात काय आहे हे बघायचं असतं, आणि ते मोजता येतं. नामिबियातल्या विंडहोकमध्ये 1968 पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतात, नदीनाल्यातून फिरवून नाही, थेट. सिंगापूरनं 2003 मध्ये 'न्यूवॉटर' सुरू केलं, त्यातलं बरंचसं कॉम्प्युटर-मोबाईलच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांना जातं, जिथे पाण्यातला कणभर क्षारही चालत नाही. इस्राएलमध्ये जवळपास 90 टक्के सांडपाणी शुद्ध होऊन शेतीला मिळतं. ही माणसं काय खुळी आहेत का?

एक गोष्ट मात्र मान्य. शेतीच्या भागात मी 'कुठल्याही पिकाला चालतं' असं लिहून गेले होते, ते चूकच. कच्च्या खायच्या भाज्यांना, विशेषतः जमिनीलगतच्या पानांना, पूर्ण निर्जंतुक न केलेलं पाणी देऊ नये, आणि कमी दर्जाचं पाणी असेल तर ठिबकनं मुळाशी द्यावं, पानांवर उडवू नये. पोस्टमध्ये ते वाक्य दुरुस्त केलंय.

बाकीच्या मुद्द्यांना एवढं चिकटून बसण्यासारखं काही नाही. क्षार विहिरीच्या पाण्यानंही साचतात, निचरा नीट ठेवावा लागतो. वीज म्हणाल तर फ्लशला आणि बागेला आरओ लागतच नाही, आणि समुद्राचं पाणी गोडं करायला याहून बरीच जास्त वीज जाते. औषधांचे अंश हा वेगळा विषय आहे, त्यावर नंतर कधीतरी.

तुमची कमेंट मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी एखाद्या प्लांटचा रिपोर्ट घेऊन या, बीओडी (पाण्यात सडणारा मळ किती), टीडीएस (विरघळलेले क्षार किती), कोलिफॉर्म (मैल्यातले जंतू किती), जे हातात असेल ते, त्यावर आकडा धरून बोलू, रात्री बारापर्यंत बोलू. फक्त ते खुर्चीचं वाक्य मागे घेतलंत तर मला बरं वाटेल.