आधी कॉलेजचं हॉस्पिटल दाखवा, मग मुलीचे कागद मागा

मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून, रजिस्ट्रेशन घेऊन नोकरीला लागले आणि बरीच वर्षं लेबर रूममध्ये काढली. त्यामुळे पुढचं काही ऐकीव नाही. यंदा बहिणीच्या मुलीच्या ॲडमिशनसाठी तिच्याबरोबर फिरले आणि डोक्याचा पार भुगा झाला. आता गप्प बसवत नाही.

पोरगी बारावी आर्ट्स. मार्क चांगले. आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं हिनंच केलं. कूस बदलणं, बेडसोरचं ड्रेसिंग, वेळेवर गोळ्या, किळस न करता. अशी मुलगी नर्सिंगला नाही येणार तर कोण येणार? पण एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्कनं तिची मार्कलिस्ट हातातसुद्धा घेतली नाही. "आर्ट्सवाल्यांना जीएनएमला चालत नाही. सायन्स पाहिजे."

धादांत खोटं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम सरळ आहे. बारावी कुठल्याही शाखेची, इंग्रजीसह, ४० टक्के मार्क. सायन्सला पसंती देता येते, पण आर्ट्स-कॉमर्सला दार बंद नाही. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण आणि वरची मर्यादा ३५. तब्येत तंदुरुस्त असल्याचा दाखला. पात्रता एवढीच! मी हे त्याला तोंडावर सांगितलं, तर लगेच सूर बदलला. "मग ताई, मॅनेजमेंटमधून बघू, सरांना भेटून घ्या." म्हणजे आधी पोरीला घाबरवायचं, अपात्र आहेस म्हणून सांगायचं आणि मग तिच्याच हक्काची जागा तिलाच विकायची. माझ्यासोबत नसती आली तर काय झालं असतं? तिची आई शेतमजुरी करते. तिनं डोळे पुसले असते आणि पोरीला घेऊन घरी गेली असती. अशा कितीजणी परत गेल्या असतील, याचा विचार केला की संताप होतो.

मग कागद. जात प्रमाणपत्र, जात वैधता (जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र), नॉन-क्रिमीलेअर, त्यासाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, सिव्हिल सर्जनचं फिटनेस, मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. सरकार म्हणतं, दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प लागत नाही, माफ केलाय. सेतूवाला म्हणतो, "स्टॅम्प आणा, नाहीतर वर रिजेक्ट होतं." आणि आणायचा कुठून? त्याच्याच शेजारच्या टपरीतून.

जात वैधतेला माझा विरोध नाही. खोटे दाखले काढून आमच्या पोरींच्या जागा खाणारे कमी नाहीत, त्यांना अडवलंच पाहिजे. पण जिचा आजोबा शाळेची पायरी चढला नाही, तिनं करायचं काय? ओबीसींना १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा. आमच्या पोरीचा आजोबा आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबला. शाळेत नाव नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. शेवटी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, त्याच्या जन्माची नोंद सापडली. पिवळं पडलेलं पान, कडा हात लावला की गळतायत, शाई उडालेली, पण जात आणि गाव वाचता आलं. त्या एका ओळीसाठी तिच्या बापानं किती मजुरी बुडवली ते त्यालाच ठाऊक. आणि ऑनलाइन फॉर्मची तारीख काय थांबते का? ती पुढे पळत असते, आणि पडताळणी समितीची फाइल टेबलावर पडून असते.

हेही मी एक वेळ सहन केलं असतं. एवढे कागद मागताय, एवढी चाळणी लावताय, तर आत गेल्यावर मुलीला खरंखुरं शिकवा. माझं खरं दुखणं इथे आहे.

मुलीनं आपल्या आजोबापर्यंतचा पुरावा द्यायचा, आणि कॉलेजनं काय द्यायचं? नियम कॉलेजलाही आहेत, आणि ते मुलींना असलेल्या नियमांपेक्षा कडक आहेत. जीएनएमच्या शाळेला स्वतःचं किमान १०० खाटांचं पालक हॉस्पिटल हवं. खाटा नुसत्या मांडून चालत नाही, निदान ७५ टक्के भरलेल्या पाहिजेत. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका. वॉर्डात एका मुलीमागे तीन पेशंट. तीन वर्षांचा कोर्स, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. प्रॅक्टिकलची हजेरी सर्टिफिकेट मिळायच्या आत १०० टक्के पूर्ण झालीच पाहिजे. प्रसूतीच्या कामाची यादी वेगळी: ३० गरोदर बायकांची तपासणी, २० नॉर्मल डिलिव्हऱ्या स्वतःच्या हातानं, २० बाळंतिणींची देखभाल.

वीस डिलिव्हऱ्या स्वतःच्या हातानं! माझ्याकडे पोस्टिंगला येणाऱ्या मुलींना विचारा, किती केल्या. खाली बघतात.

ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं असतं. त्यात बायकांचा वॉर्ड केवढा, लेबर टेबल किती, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे एकाच वेळी तीन-तीन कॉलेजच्या पोरी आणून सोडतात. सोबत त्यांची ट्यूटर नसते. असलीच तर ती सही करून चहाला जाते. कळा देणारी बाई टेबलावर, तिच्या पायाशी पांढऱ्या ॲप्रनमधल्या पोरींचा घोळका, मान उंच करून बघणारा. त्या बाईच्या लाजेचा, भीतीचा कुणाला विचार? मी हाकलते त्यांना बाहेर, आणि हाकलताना जीव तुटतो, कारण चूक त्यांची नाही. तीन-चार जणींना आत ठेवते, हातात हात धरून दाखवते. बाकीच्या बाहेर बाकावर बसून केस बुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, उतरवतात. एकीनं पेशंटचं नाव लिहिलं की चार जणी तेच नाव, तेच बाळाचं वजन, तोच अपगार स्कोअर (जन्मल्या जन्मल्या बाळाच्या तब्येतीला द्यायचे मार्क) उतरवून काढतात. कागदावर एकाच बाईची पाच वेळा डिलिव्हरी होते, पाच वेगवेगळ्या रोल नंबरवर. आणि मग सहीला माझ्याकडे येतात. मी करत नाही. मग कॉलेजमधून फोन येतो, "सिस्टर, मुलींचं वर्ष वाया जाईल हो." मुलींचं वर्ष तुम्ही वाया घालवलंत. माझ्यावर ढकलू नका.

गेल्या पोस्टिंगमध्ये तिसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. बाळ बाहेर आलं, रडलं नाही. पुसलं, पाठ चोळली, तरी नाही. अशा बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला लागतो, हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. मी म्हटलं, ॲम्बू बॅग दे, म्हणजे मास्क लावून हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी. तिनं दिली, पण मास्क उलटा. तिच्या हातात ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. बाळ वाचलं, आमच्या दुसऱ्या सिस्टर धावत आल्या म्हणून. ती पोर नंतर कोपऱ्यात उभी राहून थरथरत होती. मी तिला विचारलं, कॉलेजात डेमॉन्स्ट्रेशन रूम आहे ना? म्हणाली, "आहे, सिस्टर. पण सरावाच्या बाहुलीवरचं प्लॅस्टिक फक्त इन्स्पेक्शनला काढतात."

ही मुलगी काही महिन्यांत पास होईल. तिचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरला लागेल. ती रात्रपाळीला एकटी असेल, डॉक्टर फोनवर, आणि असंच एखादं न रडणारं बाळ तिच्या हातात येईल. कोण जबाबदार असेल तेव्हा? तिच्या जातीचा १९६७ च्या आधीचा पुरावा ज्यांनी भिंग लावून बघितला ते? इन्स्पेक्शनला आलेले? इन्स्पेक्शनचं तर बोलूच नका. अगोदर खबर असते. त्या दिवसापुरत्या ट्यूटर येतात, हजेरीपटावर सह्या होतात, रिकाम्या खाटांवर आजूबाजूच्या वस्तीतले लोक झोपवले जातात, सलाईन लटकवलं जातं. आमच्या भागात हे लपून राहिलेलं नाही, रिक्षावाल्यालाही माहीत असतं. हॉस्पिटलचं रजिस्टर, लेबर रूमची नोंद, औषधांचा खप, एवढं ताडून बघितलं तर अर्ध्या तासात खरंखोटं कळतं. बघायचंच नसतं.

फी भरून घेताना मात्र सगळं चोख. ठरलेली फी पावतीनं, आणि वर युनिफॉर्म, मेस, हॉस्टेल, लायब्ररी, "क्लिनिकल चार्ज" रोख, पावतीशिवाय. पोरींना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आणून फुकट काम करून घेतात आणि त्याचेही पैसे मुलींकडूनच. दिवा लावून शपथ घ्यायच्या कार्यक्रमालाही वर्गणी. मूळ मार्कलिस्ट आणि दाखले कॉलेजच्या कपाटात कुलूपबंद. मध्येच सोडायचं म्हटलं तर पुढच्या वर्षांची फी भरा, मग कागद न्या. आणि पास झाल्यावर त्याच ट्रस्टच्या दवाखान्यात बॉन्डवर राबायचं. सुप्रीम कोर्टानं २०१६ साली सांगितल्यावर केंद्रानं समिती नेमली होती. त्या समितीनं ५० खाटांपेक्षा लहान खासगी दवाखान्यातसुद्धा नर्सला २० हजारांपेक्षा कमी पगार नको, असं सुचवलं. आमच्या तालुक्यात आजही बारा-बारा तासांच्या ड्युटीला त्याच्या निम्मे देतात.

आणि ज्यांना या सगळ्यात जागा मिळत नाही, त्या मुली जातात कुठे? एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सकडे. "सहा महिन्यांत नर्सिंग, १०० टक्के नोकरी." दहावी पास चालेल, नापास चालेल, वयाची अट नाही, कागद नको. वरती दोन खोल्या, खाली मोबाइलचं दुकान. ना नर्सिंग कौन्सिलची मान्यता, ना नर्सिंग आणि पॅरामेडिकल शिक्षण मंडळाची परीक्षा. असं सर्टिफिकेट घेऊन रजिस्ट्रेशन कधीच होत नाही, हे पोरीला पैसे भरून झाल्यावर कळतं. तोवर ती कुठल्यातरी नर्सिंग होममध्ये "सिस्टर" म्हणून इंजेक्शनं द्यायला लागलेली असते. आमच्याच गल्लीतली एक विधवा बाई, वय ३६, असंच काम कित्येक वर्षं करतेय. तिला आता नीट शिकायचंय. एएनएम (जीएनएमपेक्षा छोटा नर्सिंग कोर्स), जीएनएम, दोन्हीकडे उत्तर एकच, ३५ ओलांडलीत. आधी एएनएम रजिस्टर असतीस तर जीएनएमला वय आडवं आलं नसतं म्हणे. पण तिला विशीत कुणी सांगितलं असतं तर ना! शिकायची इच्छा असलेली, हात बसलेली बाई बाहेर, आणि बाहुलीला हात न लावलेली पोर आत.

आमच्या पोरीला शेवटी सरकारी कॉलेजात जागा लागली, वैधता वेळेत हाती आली म्हणून. पण ज्यांना खासगीत जावं लागणार आहे, त्यांच्या आईबापांना कळकळीनं सांगते. आधी नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव बघा. मग ऑफिसात बसून तीन गोष्टी मागा: पालक हॉस्पिटलचा पत्ता, तिथे गेल्या वर्षी किती बाळंतपणं झाली तो आकडा, आणि कायम नोकरीवर असलेल्या ट्यूटरची नावं. पत्ता मिळाला की रात्री आठ वाजता न सांगता त्या हॉस्पिटलात जा. वॉर्डात फिरा, पेशंट मोजा, लेबर रूम उघडी आहे का बघा. ड्युटीवरच्या सिस्टरला विचारा, विद्यार्थिनी इथे खरंच येतात का. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, तू स्वतःच्या हातानं डिलिव्हऱ्या किती केल्यास. प्रत्येक पैशाची पावती मागा आणि मूळ कागद कुणाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत घ्या.

उत्तरं मिळाली नाहीत तर उठा आणि बाहेर पडा. "आज भरलं नाही तर सीट जाईल," असं म्हणतील. जाऊ दे सीट.