तो क्षण परत येत नाही हो!

कॅथलिक लग्नात खरं लग्न लागतं ते संमतीच्या क्षणी. दोघं उजवे हात हातात घेतात, एकमेकांना वचन देतात. फादर ते फक्त स्वीकारतात. जेमतेम मिनिटभर. मी, लग्नाचा फोटोग्राफर, फ्लॅश बंद करून, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० वर, खांबाआड श्वास रोखून उभा. नवरीचा अंगठा त्याच्या बोटांवर थरथरतोय... आणि नेमका तेव्हाच मधल्या वाटेत कुणाचा तरी मोबाइल वर! फोटोत काय आलं, तर चकाकणारा स्क्रीन. दर वेळी हेच! वर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर फर्मान सुटतं, "अंगठी परत घालायला लावा, आमचा फोटो राहिला." अहो, नाही लावणार! जे घडलं तेच टिपायला बोलावलंत ना मला? तो थरथरणारा अंगठा आता कुठून आणू?