पांढरे डाग म्हणजे डिमेन्शिया? काहीही हं!

ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय, साठी झाली की मेंदूचा एमआरआय कराच, पांढरे डाग दिसले तर डिमेन्शिया सुरू झाला, मेंदू आकसलाय लिहिलं तर अल्झायमर पक्का, आणि रिपोर्ट नॉर्मल असेल तर बिनधास्त. आमच्या नौपाड्याच्या काकूंची झोपच उडाली, कारण चक्कर येते म्हणून काढलेल्या त्यांच्या रिपोर्टमध्ये 'फॅझेकास ग्रेड वन' लिहिलंय.

आधी डागांचं बघू. एमआरआयमधले हे डाग किती आहेत ते मोजायची ही फॅझेकास पट्टी १९८७ ची, शून्य ते तीन. वन म्हणजे सुटे सुटे ठिपके, साठी-सत्तरीत कितीतरी लोकांना असतात. बीपी, शुगर, सिगरेट, वय यांनी बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्याच्या या खुणा. ठिपके एकमेकांत मिसळून मोठे पट्टे झाले, म्हणजे ग्रेड थ्री, तर मात्र स्ट्रोकचा आणि स्मरणशक्ती घसरण्याचा धोका खरंच वाढतो, ते हसण्यावारी नेऊ नका.

आकसणं? वयाबरोबर सगळ्यांचाच मेंदू थोडा आकसतो हो. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, जास्त झिजतो हे खरं, पण माणसाला काय त्रास होतोय ते न बघता नुसत्या फिल्मवरून कोणी निदान करत नाही.

'नॉर्मल म्हणजे बिनधास्त' हे तर सगळ्यात डेंजर. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये एमआरआय नॉर्मल दिसू शकतो, अमायलॉइड, म्हणजे या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन, त्यात दिसतच नाही, स्कॅनवर ते बघायला पेट स्कॅन लागतो. आणि उलटंही होतं, अमेरिकेतल्या नन्सच्या अभ्यासात काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर या अमायलॉइडचे भरपूर प्लाक (साचलेले पुंजके) सापडले, पण जिवंतपणी त्यांच्या चाचण्या ठणठणीत होत्या.

बरं, सरसकट सगळ्यांनी स्कॅन केला तर? रॉटरडॅममध्ये २००० लोकांचे केले, २००७ मध्ये छापून आलं, ७.२ टक्के लोकांच्या मेंदूत आधीच होऊन गेलेले छोटे इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेले भाग) निघाले, त्यांना पत्ताही नव्हता. मग बसा डॉक्टरांच्या फेऱ्या मारत.

गॅस चालू राहतोय, दूधवाल्याला दोनदा पैसे दिले जातायत, रोजचा रस्ता चुकतोय, असं असेल तर डॉक्टरकडे जाच. ते बी१२, थायरॉइड, कान, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या हे सगळं बघतील, घड्याळाचं चित्र काढायला लावतील, गरज वाटली तर एमआरआय तेच सांगतील.

आणि २०१९ च्या स्प्रिंट माइंड या बीपीवरच्या अभ्यासात वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या लोकांचे पांढरे डाग कमी वेगाने वाढले, सौम्य विसराळूपणाही कमी झाला (डिमेन्शिया कमी होतो हे मात्र सिद्ध झालं नाही, आणि आपल्या मनाने डोस वाढवायचा नाही). काकू बीपीची गोळी आठवड्यातून दोन-तीनदा विसरतात, त्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही.