ब्रिजटाऊनचं ते ‘गुप्त तळघर’ म्हणजे स्नानाचं कुंड आहे

अलिबागच्या आत्यानं काल एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “आपल्या शनवार तेल्यांचेच का रे हे लोक?” (शनवार तेली म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू.) त्यात लिहिलंय की कॅरिबियनमधला गुलामांचा व्यापार ज्यूंच्याच मालकीचा होता, बार्बाडोस बेटावरच्या सिनेगॉगपाशी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळापाशी, गुलाम कोंडायचं तळघर सापडलं, सिनेगॉगमधली वाळू सोनं पुरायला होती आणि १७८१ साली ब्रिटिशांनी त्यांची लूट जप्त केली. लहानपणच्या शेजाऱ्यांबद्दल आत्याच्या मनात असलं विष कालवलं जावं, याचा मला संताप आलाय.

आधी तळघर. १६५४ साली पोर्तुगीजांनी ब्राझीलमधलं रेसिफे डचांकडून परत घेतलं, तेव्हा तिथले ज्यू पांगले. काही बार्बाडोसला आले. तिथल्या ब्रिजटाऊन शहरातलं निधे इस्राएल सिनेगॉग त्याच सुमाराचं. २००८ मध्ये त्याच्या शेजारी, वाहनतळाखाली, उत्खननात दगडी पायऱ्या आणि झऱ्याच्या पाण्याचं कुंड मिळालं. याला मिकवे म्हणतात. धार्मिक शुद्धीसाठी, मुख्यतः पाळीनंतर बायका, त्यात बुडी घेतात. पाणी नैसर्गिकच लागतं, म्हणून खोदकाम थेट झऱ्यापर्यंत. भरल्या पाण्यात माणसं कोंडायची खोली कोण बांधेल? एवढा साधा प्रश्न लिहिणाऱ्याला पडला नाही, पुढे पाठवणाऱ्यांनाही नाही.

आता व्यापाराची मालकी. सगळ्यात घातक खोटं हेच. बार्बाडोसमध्ये १६८८ च्या कायद्यानं, काही अपवाद सोडता, ज्यू माणसाला एकाहून जास्त गुलाम ठेवायला बंदी होती. मोठे मळे इंग्रजांचे. कॉड्रिंग्टन या बड्या मळेवाल्याचे मळे १७१० मध्ये मृत्युपत्रानं अँग्लिकन चर्चच्या धर्मप्रसारक संस्थेकडे गेले; तिथल्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द डागत. ईलाय फेबर या इतिहासकारानं ब्रिटिश वसाहतींमधल्या जहाजांच्या आणि करांच्या नोंदी तपासून १९९८ मध्ये दाखवून दिलं, की या व्यापारात ज्यूंचा वाटा किरकोळ होता. ज्याला वाद घालायचाय त्यानं आधी त्या नोंदींशी घालावा.

ज्यूंनी गुलाम ठेवले, हे मात्र मान्य करावं लागतं. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, योडेनसवान्ने या ज्यू वस्तीच्या आसपासचे, त्यांचे उसाचे मळे गुलामांच्याच श्रमावर चालत, आणि कुरासाव या कॅरिबियन बेटावरचे काही ज्यू व्यापारी या धंद्यातही होते. पण ‘त्यांनीही केलं’ याचं ‘त्यांनीच केलं’ करायचं, ही सरळसरळ बदमाशी आहे.

वाळू कुरासावच्या सिनेगॉगमध्ये आजही उघड्यावर, सगळ्यांच्या पायाखाली आहे. वाळवंटातल्या भटकंतीची आठवण, असं सांगतात. तिच्यावर जास्त वेळ घालवत नाही.

आणि १७८१ ची ‘जप्ती’? ब्रिटिश अॅडमिरल रॉडनीनं डचांचं सेंट युस्टेशियस बेट घेतलं, १०१ ज्यू पुरुषांना एकत्र बोलावलं, त्यांच्या कपड्यांची अस्तरं फाडून पैसे काढून घेतले आणि तिसेक जणांना बायकामुलांपासून तोडून सेंट किट्स बेटावर धाडलं. खासदार एडमंड बर्क यांनी यावर ब्रिटिश संसदेत आवाज उठवला. लूट झाली, ती ज्यूंची झाली.

आत्या, हे कॅरिबियनमधले ज्यू स्पेन-पोर्तुगालातून परागंदा झालेल्यांचे वंशज. तू ज्यांच्या घरी मलिदा खाल्लास ते आपले शनवार तेली, म्हणजे कोकणातले बेने इस्राएल, ते वेगळे. आणि हा फॉरवर्ड दोघांबद्दलही खोटाच आहे.