आप्पाची डिस्कव्हरी

पाऊण कोटीची गाडी १९ लाखांत मिळत असेल तर तिला स्वस्त म्हणायचं का, यावर परवा कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या आमच्या कट्ट्यावर चहावाल्यानं शटर ओढेपर्यंत वाद चालला. गाडी लँड रोव्हर डिस्कव्हरी ४. २०१५ ची, तीन लिटर डिझेल, मुंबई पासिंग, मीटरवर ८८ हजार, दुसरा मालक. घेणार आमचा आप्पा. गाड्यांचं काम करणारा मेस्त्री कडक विरोधात, सोन्या तितकाच बाजूनं, वकीलसाहेब नेहमीप्रमाणे कागद मागत होते. लिहून काढतोय, कारण अशी जुनी भारी फोर बाय फोर घ्यायचं अनेकांच्या मनात असतं, आणि मेस्त्रीनं त्या रात्री जे सांगितलं ते कुठलाही एजंट सांगणार नाही.

"आधी मला सांग, तुला फोर बाय फोर कशाला पायजे?" मेस्त्रीचा पहिला प्रश्न.

आप्पाचं रान गगनबावड्याच्या अलीकडं. डांबरी सोडली की दीडेक किलोमीटर चढाची लाल मातीची पाणंद. पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टरशिवाय काही चढत नाही. आई तिथंच राहते, कोल्हापुरात यायला तयार नाही, आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेत. दवाखान्यात आणायची तर डांबरीपर्यंत ट्रॉलीतून आणावी लागते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण गाडीच्या गप्पांत ते कुणी धरलंच नव्हतं.

"मग थार घे," वकील म्हणाले.

"थारमध्ये आईला बसवून दाखवा वकीलसाहेब. फॉर्च्युनर बी बघितली. पायरीवर पाय ठेवायचा, दांडी धरायची, मग सगळं अंग वर उचलायचं. तिला जमत न्हाई. ही डिस्कव्हरी बटण दाबलं की खाली बसती."

खरंच बसते. या गाडीला स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे असतात. माणूस चढताना गाडी नेहमीच्या उंचीपेक्षा ५० मिलिमीटर खाली येते आणि खराब वाटेवर दोन इंच वर उचलते. आप्पानं ही गाडी मिरवायला निवडलेली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी त्याच्या बाजूला झुकलो.

मेस्त्री मात्र झुकला नाही. "ज्याच्यासाठी तू ही गाडी घ्यायलायस, तेच तिचं पहिलं दुखणं हाय. हवेच्या फुग्याचं रबर वयानं चिरतंय, किलोमीटरनं न्हवं. गाडी उभी ठेवली तरी चिरतंय. एक फुगा बारीक गळायला लागला की त्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर सारखा चालतोय आणि मग तो जळतोय. म्हणजे हजाराचं दुखणं लाखावर जातंय."

"मग बदलायचा की," सोन्या म्हणाला. "आप्पा, तुमचे पन्नास लाख वाचायलेत. त्यातनं किती कॉम्प्रेसर येतील?"

"वाचले कुठं?" मेस्त्री त्याच्याकडं वळला. "गाडीची किंमत दर वर्षी उतरती. पार्टची उतरत न्हाई, चढती. दुकानात जाऊन तू म्हण बघू, माझी गाडी १९ लाखाची हाय, मला १९ लाखाच्या गाडीच्या भावानं कॉम्प्रेसर द्या म्हणून."

माझ्या मते सगळ्या चर्चेतलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. आपण नवी किंमत वजा जुनी किंमत असा हिशोब करतो आणि उरलेल्या आकड्याला फायदा समजतो. पण त्याच सालची टोयोटा आपली किंमत टिकवून बसते आणि ही पडते, यात बाजार कुणावर उपकार करत नाही. पुढच्या मालकाला किती बिलं भरावी लागतील याचा अंदाज बाजारानं आधीच करून किंमतीतून वजा केलेला असतो. तो फरक खिशात येत नाही. तो पुढच्या काही वर्षांत हप्त्याहप्त्यानं गॅरेजला द्यायचा असतो, फक्त तारीख आणि रक्कम ठरलेली नसते. विमा कंपन्यांचा तक्ताही बघा. गाडी चार वर्षांची होऊन पाचव्यात गेली की किमतीत ५० टक्के घट, आणि पाच वर्षांपुढं तक्ताच नाही, किंमत आपसांत ठरवायची. दहा वर्षांच्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घट न कापता भरपाई देणारा विमा, सहसा मिळत नाही. म्हणजे कुणी मागून ठोकलं तरी प्लॅस्टिक आणि रबराचे निम्मे पैसे आपलेच.

कर्जाचाही विषय निघाला. कर्ज फिटताना गाडीचं वय किती असेल ते बँका बघतात, त्यामुळं इतक्या जुन्या गाडीला पैसे उभे करणं अवघड. आप्पा उसाच्या बिलातून रोख घेणार होता. वकिलांनी तिथल्या तिथं थांबवलं, "दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं कायद्यात बसत नाही. बँकेतून दे."

मग मेस्त्री इंजिनावर आला. इथं तो रंगला आणि आम्ही गप्प बसून ऐकलं. या डिझेल व्ही-६ ला दोन पट्टे असतात. पुढचा टायमिंगचा सगळ्यांना माहीत असतो. मागं एक लहान पट्टा आहे, तो डिझेलचा हाय प्रेशर पंप फिरवतो, आणि तो बदलायचा बरेच जण विसरतात. टायमिंगचा पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडलेच. त्याहून मोठी भीती क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या मुख्य दांड्याची. या इंजिनांत क्रँकची बेअरिंग फिरून क्रँक तुटल्याची उदाहरणं जगभर आहेत, आणि आधी इशारा मिळेलच असं नाही. "दर आठ-दहा हजाराला ऑईल बदलल्याची बिलं असतील तरच मी तिच्याकडं बघीन. कंपनीनं सांगितलंय तेवढं लांब ताणलेली गाडी मला फुकट दिली तरी नको." टर्बोचं काम निघालं तर बरेच गॅरेजवाले सरळ बॉडी चॅसिसवरून उचलतात, त्याची मजुरी वेगळी. बरेच जण म्हणतात गिअरबॉक्सचं ऑईल जन्मभर बदलायचं नाही, पण तो बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. आप्पाची गाडी बरोबर त्याच टप्प्यात होती.

सोन्यानं हार मानली नाही, आणि त्याचं म्हणणं अगदीच पोरकट नव्हतं. "मग इव्होक घ्या, क्यू ७ घ्या असं तरी कुणी म्हणेल का? भारी गाड्या त्या बी. पण लो गिअर न्हाई. चिखलाच्या चढाला सावकाश, जोर लावून जायला लोच पायजे. हिच्यात लो हाय, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा मधला डिफरन्शियल लॉक होतोय, चिखल का दगड ते सांगितलं की गाडी आपली आपण जुळवून घेती." बरोबर आहे. चारही चाकं फिरतात म्हणजे गाडी रानात चालते असं नाही. बाजारातल्या निम्म्या भारी एसयूव्ही ओल्या हायवेसाठी केलेल्या असतात, पाणंदीसाठी नाही. जुनी घेणाऱ्यानं हा एक प्रश्न तरी विचारलाच पाहिजे.

"लो हाय, पण वजन बी हाय," मेस्त्री म्हणाला. अडीच टनांच्या वर. आणि खाली १९ इंची रोडचे टायर. लाल मातीत रोडच्या टायरच्या खाचा पहिल्या वीस फुटांत भरतात, मग लो असो की आणखी काही, गाडी चढाला कडेला घसरते. म्हणजे टायर आधी बदलायचे, आणि चारही एकदम. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक नवा आणि तीन झिजलेले असं चालत नाही. चाकांचा घेर कमी-जास्त झाला की तो ताण डिफरन्शियलवर जातो.

सोन्यानं मध्येच दिल्लीच्या गाड्या काढल्या. त्याच सालच्या, तीन-चार लाखांनी स्वस्त. वकिलांनी तो विषय दोन मिनिटांत संपवला. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदीचा आदेश हरित लवादानं दिला, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला, आणि तेव्हापासून तिथला माल बाहेर ढकलला जाऊ लागला. इथं आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर नव्यानं, तिथला परतावा मागत बसायचं, आणि बारा महिन्यांच्या आत इथला नंबर. स्वस्ताईतला बराच भाग तिथंच जातो.

मुंबईची गाडी म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, हे मी सांगितलं. पुरात बसलेली गाडी काय असते ते आपल्याला कुणी शिकवायला नको. २०१९ ला आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४३ ची. त्यानंतर किती गाड्या धुऊन, पॉलिश करून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या गेल्या ते या शहरानं पाहिलंय. मुंबईत तर पाणी आधी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये शिरतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, वरच्या हातभर पट्ट्यावर काही दिसत नाही, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट बघायचे, गालिचा उचलून वास घ्यायचा. या गाडीत इतके कॉम्प्युटर आहेत की एकदा पाणी शिरलेली गाडी पुढं वर्षानुवर्षं रोज वेगळा दिवा लावते.

मग वकिलांनी असा मुद्दा काढला की क्षणभर सगळेच थांबले. "आप्पा, १९ लाख गाडीवर घालण्याऐवजी पाणंद का करत नाहीस? मातोश्री ग्रामसमृद्धीची पाणंद रस्त्यांची योजना आहे. वाट अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायद्यात तहसीलदाराकडं दाद मागता येते."

आप्पा जरा वेळानं बोलला. "अडवलंय भावकीनंच. अर्ज दिलाय. मोजणी झाली, तारखा पडायल्यात. पाणंद होईल तवा होईल वकीलसाहेब. आईचे गुडघे थांबत न्हाईत."

यावर उत्तर नव्हतं. मेस्त्रीचा आवाजही खाली आला. "फॉर्च्युनर फोर बाय फोर घे. खालची पायरी मी करून देतो, बाहेर येणारी, दांडीसकट. ते माझ्या हातचं काम हाय. डिस्कव्हरी बसली तर मी काय करू? पुण्याला ट्रकवर घालून पाठवायची आणि तू परत ट्रॉलीत."

मला मेस्त्रीचं पटलं, पण पूर्ण नाही. ज्या घरात ही एकच गाडी आहे आणि तिच्यावर आजारी माणूस अवलंबून आहे, त्या घरानं दहा वर्षांची डिस्कव्हरी घेऊ नये, हे माझं ठाम मत. पण आप्पाकडं ट्रॅक्टर आहे, बोलेरो आहे. त्यामुळं मी म्हणालो, फॉर्च्युनर पायरीसकट पहिली पसंती. आईला एकदा नेऊन त्या उंचीची पायरी चढून बघू दे, लाकडाची तात्पुरती का असेना. नाहीच जमलं, तर डिस्कव्हरी, पण १९ ला नाही. १३ ला मागायची, १४ च्या वर गेली तर सोडून द्यायची, आणि उरलेले ५ लाख वेगळ्या खात्यात टाकून त्याला गाडीशिवाय हात लावायचा नाही. पट्टे, गिअरबॉक्सचं ऑईल, टायर आणि एखादा फुगा यात पहिल्या वर्षातच त्यातले बरेच जातील.

वकिलांनी आपल्या अटी सांगितल्या. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, तीस दिवसांत नाव. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्यायचा, कारण तोवर थर्ड पार्टी चालते पण आपल्या गाडीचं नुकसान कंपनी नाकारू शकते. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा, गाडीचा नाही. एजंट तो किमतीत धरून सांगतो.

आप्पानं तिथूनच एजंटाला फोन लावला. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी पाहिजे, चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची संध्याकाळी मोजणार, सकाळी परत मोजणार, म्हणजे कुठला फुगा गळतो ते कळेल. गाडीच्या चॅसिस नंबरवरची कंपनीच्या सर्व्हिसची सगळी बिलं पाहिजेत. एजंट पहिल्यांदा हसला, मग मालकाला विचारतो म्हणाला, मग दहा मिनिटांत त्याचाच फोन आला, या म्हणून.

गाडीला गिऱ्हाईक मिळेना झालं की एजंट अशा अटी मानतो, असं मेस्त्रीचं म्हणणं, आणि तो आणखी एक लाख कमी सांग म्हणून आप्पाच्या मागं लागलाय. त्याआधी गुरुवारी आईला फॉर्च्युनर दाखवायची आहे, सोन्याच्या चुलत्याची मागून घेतलीय. मेस्त्रीनं लाकडी पायरी रात्रीतच ठोकली, नऊ इंचांची. जमलं तर मुंबईचा विषय संपला. नाही जमलं तर शनिवारी दुपारी निघायचं, म्हणजे रविवारी पहाटे गार इंजिन चालू करून बघता येईल.